मारुतीचं वळण

वळण या शब्दाचा मला लई राग हाय, आधीच सांगून ठेवते. रस्त्याचं वळण असलं तर चालतं, ते बिचारं एका जाग्यावर पडून राहतं. अक्षराचं वळणबी चालतं. शाळेत गुरुजी माझी पाटी बघून म्हणायचे, "दैवशाला, तुझ्या अक्षराला वळण न्हाई, कोंबडीनं उकरल्यागत हाय." खरंच होतं ते. पण पोरगी जरा उंच झाली की हाच शब्द घरात शिरतो अन् तिच्या हात धुवून मागं लागतो. मोठ्यानं हसली, वळण न्हाई. पाय पसरून बसली, वळण न्हाई. पोरगं तसंच पसरलं तर, दमला असंल बिचारा! माझं लग्न होऊन जुन्या जालन्यात आयुष्य गेलं, सून आली, नातू झाला, तरी माझी सासू मरेपर्यंत म्हणत राह्यली की दैवशालाला आईनं वळण लावलं न्हाई. आता बोला.

तर ही गोष्ट माझ्या भाचीची, तृप्तीची. माझा धाकटा भाऊ धर्मराज पिंपळगाव रेणुकाईला राहतो, त्याची ही एकुलती एक पोरगी. तृप्ती भोकरदनला कॉलेजात जात होती तेव्हा धर्मराज विहिरीच्या पायऱ्यावरून घसरला अन् गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं, काठी निघाली, पण पाय काही पहिल्यासारखा झाला न्हाई. ट्रॅक्टरचा क्लच दाबायला गेला की डोळ्यात पाणी यायचं. पेरणी तोंडावर आल्ती. एक दिवस पोरीनं चाबी उचलली अन् चढली. लोक म्हणले, बाप बरा होईस्तोवर चालवू द्या. बाप बरा झाला न्हाई अन् पोरगी काही खाली उतरली न्हाई. नांगरटी, पेरणी, कापसाची ट्रॉली भोकरदनला नेणं, सगळं तिच्यावर. वळणाचं पाणी वळणावर जातंय, आमचा बाप गावात पहिला ट्रॅक्टर चालवणारा होता. मला मात्र त्यानं कधी मडगार्डावरबी बसू दिलं न्हाई.

अन् इथूनच लग्नाचं घोडं अडलं. नोकरीवाली स्थळं यायची, पोहे खायची, गावात कुणीतरी सांगायचं की पोरगी ट्रॅक्टर चालवती, की झालं. एकजण म्हणला पोरगी हाताबाहेर गेली. दुसरा म्हणला आमच्या पोराला कमीपणा येईल. शेतीवाली पोरं तर आजकाल पोरी मिळंनात म्हणून हात जोडून उभी हायेत. त्यातल्या दोघांनी लगेच होकार दिल्ता, पण त्यांना बायको न्हाई, फुकटचा ड्रायव्हर पायजे होता. एकानं तर बैठकीतच विचारलं, दिवसाला किती एकर काढती. तृप्तीनंच त्यांना वाटेला लावलं.

मंग आलं कल्याणचं स्थळ. जाफराबादजवळचं गाव, पोरगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, बाप दोन वर्सांपूर्वी वारला, शेत बटईनं मंजी वाट्यानं दिलेलं, आई पोराजवळ जालन्यातच राहती, एक आत्या हाय. स्थळ आणलं काकासाहेबांनी. हा माणूस आमच्या अख्ख्या पट्ट्यात लग्नं जुळवतो, खोटं इतक्या प्रेमानं बोलतो की खरं बोलणाऱ्याची लाज वाटावी. तो मला म्हणला, "अक्का, लग्न ठरोस्तोवर ट्रॅक्टरचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई. पोरगी शांत, घरातली, एवढंच. नंतर आपोआप कळतंय सगळं."

मला पटलं. का न पटावं? पाच वेळा पोरीचं तोंड उतरलेलं मी बघितलंय.

तृप्तीला मात्र पटंना. कल्याणचं अन् तिचं एकदा फोनवर बोलणं झाल्तं. मी माहेरी आल्ते, तर रात्री माझ्याजवळ आली अन् म्हणली, "आत्या, त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? आजवर कुणीच विचारलं न्हाई ग."

"मंग काय सांगितलंस?"

"सकाळचं गार वारं म्हणलं. ट्रॅक्टरवरचं म्हणायचं होतं, पण तुम्ही लोकांनी तोंडाला कुलूप लावलंय." मंग म्हणली, "मला हा माणूस बरा वाटतो आत्या. म्हणूनच खोटं बोलायला जड जातंय. उद्या लग्न झाल्यावर कळालं अन् त्यांनी तोंड फिरवलं तर?"

मी तिला झापलं. म्हणलं, गप झोप, नवरा मिळू दे आधी. पण झोप मलाच लागली न्हाई. पोरीचं बराबर होतं. कळत होतं, पण वळत न्हवतं.

बघायचा दिवस उजाडला. मी आदल्या दिवशीपासूनच कंबर कसली होती. तृप्तीचे तळहात स्टेरिंग धरून धरून खरखरीत झाल्ते, त्याला साय चोळली. भिंतीवर ट्रॅक्टरवाल्याचं कॅलेंडर होतं, ते उलटं केलं. राह्यला खुद्द ट्रॅक्टर. कापसानं भरलेली ट्रॉली जोडून तो दारातच उभा होता. तो कुठं लपवायचा? आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ हाय, तिथं रस्ता एकदम वळतो. एका अंगाला देवळाचा पार, दुसऱ्या अंगाला नाली, मधून एक गाडी कशीबशी निघती. त्या वळणाच्या पलीकडं शेजारच्या भुजंगचं वाडगं हाय, गुरं बांधायचं आवार. मी म्हणलं, तिथं लावा. तृप्तीनं पहाटे मुकाट्यानं नेऊन लावला, अन् चाबी भुजंगकडं दिली.

भुजंग म्हणला, "अक्का, पण माझी गुरं दुपारून येतील. कवर ठेवायचा?"

"पाव्हणे गेले की लगेच आणून लाव. गाडी चालू झाल्याचा आवाज आला की समज गेले."

हे माझंच वाक्य. पुढं जे झालं ते या वाक्यानं झालं, पण तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

पाव्हणे आले. कल्याण स्वतः गाडी चालवत आल्ता. सोबत त्याची आई बेबीनंदा अन् आत्या सत्यशीला. काकासाहेब पुढच्या सीटवर टोपी सावरून. कल्याण दिसायला साधा, नाकासमोर बघणारा. आई दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली, फिक्कट लुगडं, कपाळ मोकळं, कमरेला चाब्यांचा झुबका. बोलायचं काम सगळं सत्यशीलाकडं होतं. बाई माझ्याच वयाची, अन् खोटं कशाला बोलू, माझ्याच तोंडाची.

आजकाल पोरीला चालून दाखव कुणी म्हणत न्हाई. पाणी आण म्हणतात, ते एकच. तृप्तीनं पाणी आणलं, पोहे आणले, बसली. सत्यशीला म्हणली, "स्वयंपाक येतो का?"

"येतो."

"दिवसभर काय करती?"

तृप्तीनं माझ्याकडं बघितलं. मी पटकन म्हणलं, "वाचती. शिवण करती. घरातून बाहेर म्हणून पडत न्हाई."

"छान. आम्हाला एवढंच पायजे. पोरीला वळण हाय ना?"

आला का शब्द! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी दात दाखवले. म्हणलं, "वळण ना बाई, आमच्या घरात वळणच वळण हाय."

काकासाहेब मोठ्यानं हसला. बेबीनंदा मात्र तृप्तीच्या हाताकडं बघत होती. मला धडकी भरली, म्हणलं साय कमी पडली वाटतं. कल्याण सारखा भिंतीवरच्या उलट्या कॅलेंडरकडं बघून राह्यला होता. शेवटी सत्यशीलानं चहाचा कप खाली ठेवला अन् म्हणली, "बरं मंग, दोन-चार दिवसांत कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते आम्हाला पाठ झाल्तं. ओटी भरली न्हाई, कुंकू लावलं अन् उठले. तृप्ती दारात उभी राह्यली, तोंडावर हसू ठेवून. माझं काळीज तुटलं. एवढं सगळं लपवलं, पोरीला मुकी केली, अन् तरी कळवतो!

गाडी चालू झाली. अन् तो आवाज भुजंगनं ऐकला.

मी दारातूनच बघितलं. कल्याणची गाडी मारुतीपाशी वळली अन् समोरून धडधडत आमचा ट्रॅक्टर! मागं कापसाची ट्रॉली, वर भुजंग, मजेत गाणं म्हणत. दोघांनी कचकन ब्रेक दाबले. नाकाला नाक. कल्याणनं घाबरून गाडी मागं घेतली तर मागचं चाक नालीत. गाडी तिथंच बसली. आता मागं जायचं तर ट्रॅक्टरनंच. भुजंग बैलगाडीतला माणूस, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर सरळ हाणायला येतो त्याला, मागं घ्यायला न्हाई. त्यानं मागं घेतला तशी ट्रॉली तिरकी झाली. पुन्हा घेतला तशी आणखी आडवी. एक चाक नालीच्या काठावर गेलं अन् वर्साचा कापूस एका अंगाला झुकला.

आम्ही सगळे पळालो. सगळ्यात पुढं कोण? धर्मराज! लंगडत गेला, भलामोठा दगड उचलला अन् चाकाखाली लावायला ट्रॉलीच्या मागं जाऊन वाकला. भुजंगला वरून तो दिसत न्हवता. त्यानं पुन्हा गिअर टाकला.

"भुजंगकाका, ब्रेक! ब्रेकवरचा पाय हलवू नका!"

एवढा मोठा आवाज त्या गल्लीत मी ऐकला न्हवता. तृप्ती अनवाणी पळत गेली, पदर कमरेला खोचलेला, जरीचं लुगडं पोटरीपर्यंत वर. "अप्पा, बाजूला व्हा! आधी बाजूला!" बाप सरकला तसा तिनं वाकून हँडब्रेक ओढला, भुजंगला खाली उतरवलं अन् वर चढली. बसल्याबरोबर मागं मान वळवून ट्रॉली बघितली. मंग कल्याणवर नजर गेली. तो बोनेटजवळ खांबासारखा उभा होता.

"अहो, तुम्ही! तिथं काय उभे राह्यले? पाराकडून मागं जा. चाकाकडं बघा अन् मला हात करा!"

गेला की बिचारा! पळत गेला. काकासाहेब माझ्या कानाशी पुटपुटला, "अक्का, संपलं सगळं." मी म्हणलं, "गप ओ."

तिनं ट्रॅक्टर जरासा पुढं घेतला, गाडीला लागतोय की काय इतका. मंग मागं. ट्रॉली पुन्हा वाकडी झाली. गावातलं पोरगं कुणीतरी हसलं. तृप्ती थांबली, कपाळावरचा घाम कोपरानं पुसला, पुन्हा पुढं. कल्याण मागून ओरडला, "डावीकडं! डावीकडं घ्या!"

"ट्रॉली डावीकडं का स्टेरिंग?"

"म्हणजे?"

"जाऊ द्या, नुसतं थांब म्हणायचं तेव्हा हात वर करा!"

ट्रॉलीचं असं हाय की मागं घेताना ती ड्रायव्हरच्या हाताच्या उलटी पळती. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेरिंग उजवीकडं फिरवायचं. माणसाचा हात ऐकत न्हाई. या वेळी मात्र पोरीनं बराबर घेतलं. चाक नालीच्या काठावरून आत आलं, ट्रॉली सरळ झाली, पाराला न खरचटता हळूहळू वळणातून मागं मागं गेली अन् वाडग्याच्या फाटकात शिरली. कल्याणनं दोन्ही हात वर केले. मंग तिनं ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर घेऊन आली, दोरखंड बांधला अन् पाव्हण्यांची गाडीबी नालीतून ओढून काढली.

तिनं ट्रॅक्टर बंद केला. सत्यशीलानं तोंड उघडलं. "काकासाहेब, हा ट्रॅक्टर कुणाचा?"

"भुजंगचा," काकासाहेब म्हणला.

"आमचा हाय," तृप्ती वरूनच म्हणली. "बापाचा पाय मोडल्यापासून मीच चालवते. तुमच्यापासून लपवलं, चुकलं आमचं. पण मी सोडणार न्हाई, तेबी आत्ताच सांगते." ती कल्याणकडं बघत न्हवती.

"अन् तुम्ही म्हणत होत्या घरातून बाहेर पडत न्हाई!" सत्यशीला माझ्याकडं वळली. "हे कसलं वळण म्हणायचं?"

माझा बांध फुटला. "ज्या वळणावर तुमची गाडी नालीत गेली न बाई, तेच वळण! पोरगी नसती तर माझा भाऊ चाकाखाली गेला असता अन् तुम्ही रात्रीपर्यंत इथं मारुतीला प्रदक्षिणा घालत बसला असता. जा, नका करू पसंत! सहावा नकार! आम्हाला सवय हाय!" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

तेवढ्यात बेबीनंदा पुढं आली. दिवसभरात तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. सरळ ट्रॅक्टरजवळ गेली अन् तृप्तीला म्हणली, "पोरी, तू हात तिकडं फिरवत होतीस अन् ट्रॉली इकडं जात होती. ते कसं?"

तृप्ती गोंधळली. "उलटंच असतं ते, काकू. डोक्याला लगेच कळतं. हाताला वळायला वेळ लागतो."

"मला येईल का?"

"आई," कल्याण म्हणला.

"थांब रे. त्यांनी खरं सांगितलं, आता आपणबी सांगू." ती माझ्याकडं वळली. "आमच्याकडंबी एक ट्रॅक्टर हाय बाई. ह्याच्या वडलांचा. ते गेल्यापासून ताडपत्रीखाली उभाय. ह्याला त्यांनी कधी शिवू दिलं न्हाई, तू शाळा शिक म्हणले. शेत बटईनं दिलं, मी पोराजवळ जालन्यात राहते, असं तुम्हाला सांगितलंय ना? खोटंय. मी गावातच हाय. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडून वावर नांगरून घेते, तो चार दिवस येतो येतो म्हणतो अन् येत न्हाई. अन् घरचा दारात उभा. रोज ताडपत्री झटकते अन् आत येते."

"मंग लपवलं कशाला?" मी विचारलं.

"काकासाहेब म्हणले, शेतीचं, ट्रॅक्टरचं नाव काढू नका. नाव निघालं की आजकालची पोरगी न्हाई म्हणती."

आम्ही सगळे काकासाहेबाकडं वळलो. तो टोपी काढून आतलं अस्तर बघत होता. एक ट्रॅक्टर इकडं वाडग्यात लपवलेला, एक तिकडं ताडपत्रीखाली, अन् मधी हा शहाणा! पहिल्यांदा कल्याण हसला. मंग धर्मराज. मंग तर पारावरची म्हातारीबी हसायला लागली.

तृप्ती हसली न्हाई. ती खाली उतरली, बेबीनंदासमोर उभी राह्यली. मला माहिताय तिच्या मनात काय होतं. फुकटचा ड्रायव्हर! बेबीनंदालाबी ते कळलं असावं. ती म्हणली, "तू येऊन आमचं वावर नांगर असं मी म्हणत न्हाई. तुला वाटलं तर चालव, न्हाई वाटलं तर नको. मला शिकव, एवढंच."

तृप्तीनं मान खाली घातली. मंग विचारलं, "दोन वर्सं बंद हाय मंजी बॅटरी उतरली असंल. टायरची हवा बघितली का?"

तिथंच लग्न ठरलं असं मी समजते. कल्याणला मी विचारलं, तुझं काय रे? तो लाजला अन् म्हणला, "सकाळचं गार वारं म्हणल्या होत्या. मी म्हणलं अंगणातलं असंल. पण ते कॅलेंडर उलटं कशाला असं सारखं वाटत होतं." मंग सत्यशीलाकडं वळून म्हणला, "आत्या, ओटी भर." सत्यशीला जरा घुटमळली. मला वाटलं पुन्हा वळण काढती. पण तिचे डोळे भरले होते. म्हणली, "माझा भाऊ असता तर आधी हिच्या ट्रॅक्टरवर चढून बसला असता," अन् चपला काढून घरात शिरली.

पाट मांडला. धर्मराजच्या बायकोनं तांदूळ, नारळ, खण आणला. तृप्तीच्या पायाला नालीचा चिखल तसाच होता, कुणी धू म्हणलं न्हाई. सत्यशीलानं कुंकू लावलं, ओटी भरली. बेबीनंदा दाराजवळ मागं उभी होती. सवाष्ण न्हाई, तिनं ओटीला हात लावायचा न्हाई, ही रीत. तिला कुणी लांब हो म्हणलं न्हाई. म्हणावंच लागत न्हाई, बाई आपसूक मागं सरकती.

तृप्ती भरलेली ओटी धरून पाटावरून उठली. आता मोठ्यांच्या पाया पडायचं. पण ती आमच्याकडं आली न्हाई. वळली अन् सरळ दाराशी गेली. बेबीनंदापुढं ओटी पसरून उभी राह्यली.

"अगं, मी न्हाई भरायची," बेबीनंदा पुटपुटली. तिनं सत्यशीलाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मीच पुढं झाले. म्हणलं, "भर ग बाई. पोरगी उभी हाय."

बेबीनंदाचा हात कमरेला गेला. चाब्यांच्या झुबक्यातली एक चाबी तिला लवकर निघंना. शेवटी निघाली. काळ्या दोऱ्यात ओवलेली जुनी चाबी, ट्रॅक्टरची. तिनं ती तांदळावर ठेवली.

"पण पहिल्यांदा मी बसणार," ती म्हणली.

"मी मडगार्डावर," मी म्हणलं.

अन् बेबीनंदा हसली. दारात उभी राहून, सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्यानं की बाहेर भुजंगची गुरं बुजली. वळणाचं नाव कुणी काढलं न्हाई.